शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप

गेल्या रविवारी व्हिडिओ फोनवर बोलताना थोरल्या नातीने बाही वर सारून मला कोपराची लवण दाखवली. तिकडे थंडी सुरू झाली की तेवढीच जागा लाल होते, खाजते आणि मग फुटते. आत्याआजीचं ते पांढरं मलम पाठव, असं ती म्हणाली. धाकट्याने मागून विचारलं की त्याला तुपाचा वास येतो का. येत नाही. का येत नाही ते सांगते. पण त्या मलमाची एक हकिगत आहे, ती आधी ऐका. ती कळल्याशिवाय नुसती डबी पाठवण्यात अर्थ नाही.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, आमच्या इमारतीतले बाकी सगळे आत्या म्हणतात. त्यांनी लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत नोकरी केली, कात्रजला स्वतःचा फ्लॅट घेतला, आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी तो भाड्याने देऊन त्या आमच्याकडे शनिवार पेठेत राहायला आल्या. येताना कपड्यांची एक बॅग आणली आणि आईची तांब्याची परात आणली. परात वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर धरून रिक्षातून आणली होती.

माझा आणि त्यांचा स्वभाव सारखा नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि वस्तू जागच्या जागी असल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीला लेबल आहे. वन्संनी पहिल्याच दिवशी फळीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "मूगडाळ तुझी ओळख विसरते का गं?" तरी आमचं जमतं. त्या बोलून मोकळ्या होतात, मी लेबल लावून.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला इसब झाला. सुरुवात अंगठ्याच्या कडेला झाली. आधी बारीक पुटकुळ्या, मग कोरडी खरखरीत कातडी, मग भेगा. हळूहळू तळव्यावर पसरला. डाव्या हाताला थोडा, उजव्याला फार. गरम चहाचा कप त्या दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांनी धरायच्या.

पुण्यात अनोळखी माणसाला पत्ता विचारला तर तो कदाचित सांगणार नाही, पण औषध मात्र न विचारता सांगतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कडुनिंबाचा पाला आणून दिला, तो वाटून लेप लावायचा. आजोबांच्या सकाळच्या फिरण्यातल्या मित्राने करंजाचं तेल पाठवलं. त्याचा वास असा की आजोबा आठवडाभर गॅलरीत बसून पेपर वाचत होते. खराडीला कंपनीत असलेल्या माझ्या भाचीने कोरफडीची ट्यूब ऑनलाइन मागवून दिली. मी सगळं फळीवर ओळीने मांडलं आणि सांगितलं की एका वेळी एकच औषध, ते पंधरा दिवस, मग पुढचं. नाहीतर गुण कशाचा आला आणि त्रास कशाचा झाला, कसं कळणार?

"दवाखाना काढलायस की प्रयोगशाळा?" एवढंच वन्संनी विचारलं आणि सकाळी पाला, दुपारी कोरफड, संध्याकाळी करंज असं सगळं सुरू ठेवलं. कडुनिंबाने कातडी आणखी कोरडी पडली. करंजाने काही झालं नाही. कोरफडीने गार वाटायचं, तेवढ्यापुरतं.

मग आमच्या जुन्या वैद्यांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, हात पाहिला, मंजिष्ठेचं चूर्ण दिलं आणि पथ्य सांगितलं. दही, लोणचं, वांगं आणि आंबट पूर्ण बंद. लावायला शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप. त्याची एक डबीही देत होते. वन्संनी ती हुंगली आणि परत केली. हे आमची आई घरी करायची, म्हणाल्या, मीही करीन.

ते असं करतात. गाईचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, त्यावर गार पाणी ओतायचं आणि तळहाताने किंवा वाटीच्या बुडाने गोल गोल फेसायचं. पाणी गढूळ झालं की ओतून टाकायचं, नवीन घ्यायचं, पुन्हा फेसायचं. असं शंभरदा. पाणी बदलता बदलता पिवळं तूप पांढरं होतं, रवाळपणा जातो, शेवटी ते लोण्याहून हलकं होतं आणि तुपाचा वास पार निघून जातो. दुपार त्यात संपते. वन्सं मोजायला जपमाळ घ्यायच्या. माळेत मणी एकशे आठ असतात, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "शंभर हाताला, आठ देवाला."

तूप ताजंच हवं, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून त्या थोडं थोडं करायच्या, दर दोन दिवसांनी. जेवणं झाली, मी आणि आजोबा आडवे झालो की स्वयंपाकघरात त्यांची परात वाजायला लागायची.

पथ्य त्यांनी असं पाळलं की सगळ्या घराला पाळावं लागलं. त्यांच्यासाठी वेगळी आमटी करायची मी तयारी दाखवली, ती त्यांना चालली नाही. एका घरात दोन आमट्या म्हणजे वाटण्या झाल्यासारख्या, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमटीतली चिंच गेली, आमसूल गेलं, टोमॅटो गेला, नुसता गूळ उरला. तुमच्या आजोबांनी तीन-चार दिवस काढले. मग वाटीत डोकावून हळूच विचारलं की इसब नक्की कुणाला झालाय.

आता त्या हळदीकुंकवाचं सांगते. चैत्रात आम्ही इमारतीतल्या बायकांना बोलावतो. कैरीची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांची ओटी. मी एका बाजूने डाळीच्या वाट्या देत होते, दुसऱ्या बाजूने वन्सं. हातावर त्यांनी तूप लावलं होतं, तरी भेगा दिसत होत्या. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंपुढे त्यांनी वाटी धरली. त्या बाईंनी वाटीकडे पाहिलं, मग हाताकडे.

"नको आत्या, आज पोट जरा बिघडलंय," त्या म्हणाल्या.

वन्सं पुढे सरकल्या. थोड्या वेळाने मी फिरत फिरत त्याच बाईंपाशी पोचले आणि त्यांनी माझ्या ताटातली वाटी उचलली. मला तेव्हा आधीचं काहीच माहीत नव्हतं, ते मागाहून कळलं; मी दिली. खोलीच्या त्या टोकाला वन्संनी ते पाहिलं.

त्या बाई वाईट नाहीत. त्यांच्या घरी तान्हा नातू होता, आणि हातावरचं काही दिसलं की लागण होईल असं माणसाला वाटतंच. पण वन्संचा चेहरा मी पाहिला. सगळ्या गेल्यावर त्या वाट्या विसळत होत्या. माझ्याकडे पाठ होती. पाणी बंद करून म्हणाल्या, "यंदा गणपतीला मोदक विकतचे आणा."

हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. तुमच्या आजोबांना ते जेवणाच्या टेबलावर कळलं तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवला. आई गेल्यापासून आमच्या गणपतीचे मोदक वन्संच करत आल्या आहेत. कात्रजला राहत होत्या तेव्हाही आदल्या दिवशी बसने यायच्या, पहाटे उठून उकड काढायच्या. त्यांच्या मोदकाच्या कळ्या इतक्या बारीक आणि सारख्या की धाकटा लहान असताना विचारायचा, हे साच्यातले का. साचा हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारलेला त्यांना खपत नाही. लग्न नाही, मूलबाळ नाही, नोकरीही संपली. आता वर्षातून एकदा सगळं घर ज्याची वाट पाहतं, ते काम तेवढं त्यांचं स्वतःचं होतं. तेच त्यांनी आपण होऊन सोडलं.

मी त्यांना त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. इतके दिवस त्या नाही म्हणत होत्या, त्या वेळी मात्र मुकाट्याने आल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती, नीट वेळ देऊन पाहणारी. तिने विचारलं, "आजी, दिवसभर हात कशाकशात असतात?"

"बांगड्यांत."

ती हसली आणि पुन्हा विचारलं. मग वन्संनी सांगितलं की भाजी चिरते, कणीक भिजवते, आपले कपडे आपण धुते. भांडी बाई घासते. डॉक्टर म्हणाली की हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांगा. साबण आणि पाणी कमी करा, आतून सुती कापड असलेले हातमोजे वापरा. काही आठवड्यांसाठी एक मलम लिहून दिलं. धुतलेल्या तुपाचं मी विचारलं, तर म्हणाली की स्वच्छ केलेलं असेल आणि जखम चिघळलेली नसेल तर लावायला हरकत नाही. कातडीला ओलावा धरून ठेवायला स्निग्ध काहीतरी लागतंच.

तिच्या मलमाने हात निवळला. ते थांबवल्यावर पंधरवड्यात पुन्हा पेटला, पहिल्याहून जास्त. वन्संना दुःख झालं आणि थोडं समाधानही. इंग्रजी औषध वरवर दाबतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी तूप वाढवलं. दोन दिवसांनी करायच्या ते रोज करू लागल्या.

श्रावण लागला. सणावारांच्या आधी मी बरण्या रिकाम्या करून, पुसून, उन्हात ठेवून पुन्हा भरते. त्यात चिंचेची बरणी हाताला लागली आणि मी थबकले. तळाला चार बोटकं राहिली होती. नवी चिंच आली तेव्हा मी ती काठोकाठ भरली होती. आमटीत चिंच नाही, सारात नाही, अळूच्या भाजीत नाही. पथ्यामुळे आमच्या घरात महिनोन्‌महिने कुणी चिंच चाखली नव्हती. मग गेली कुठे?

मला पहिला संशय तुमच्या आजोबांचा आला. बिनआंबट आमटीला कंटाळून दुपारी चोरून चिंच-गूळ खात असतील, असं वाटलं. मी विचारलं तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "अगं, या वयात मी चिंचा चोरीन? चोरायचंच झालं तर श्रीखंड चोरीन." ते खरं होतं.

त्याच दुपारी झोप लागेना म्हणून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. वन्सं मोरीपाशी उभ्या होत्या. भिजवलेली चिंच आणि जाडं मीठ मुठीत घेऊन तांब्याची परात घासत होत्या. उघड्या हाताने, जोर लावून, कडेकडेने. परात लखलखत होती आणि त्यांचा तळवा लालबुंद झाला होता.

"वन्सं, हे रोज करता?"

"मग? परात लख्ख केल्याशिवाय तूप कसं धुणार? काळ्या परातीत कुणी औषध करतं का?"

"हाताला झोंबत नाही?"

"झोंबतं की. औषध आहे ते, गुदगुल्या कशा होतील?"

मी म्हटलं, "वैद्यांनी तुम्हाला आंबट बंद सांगितलंय."

"खायचं बंद सांगितलंय," त्या म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या.

त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर चिंचेचा लगदा होता आणि भेगांत मीठ. मी त्यांचा हात धरून नळाखाली नेला आणि धुऊन दिला. त्यांनी धुऊ दिला, हेच मोठं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी तर विचारलं होतं. विचारलं होतं. वन्संनी खोटंही सांगितलं नाही. परात घासणं त्यांच्या लेखी भांडी घासण्यात मोडतच नव्हतं. तो औषधाचा भाग होता, आई करायची तसाच. आईचे हात धडधाकट होते, तिला चिंच काय करणार? आणि मी, जिने एका वेळी एकच औषध असा नियम घातला, त्या मीही औषध तयार कसं होतं हे उभं राहून एकदाही पाहिलं नव्हतं. डॉक्टरला पुढच्या खेपेला सांगितलं तर ती म्हणाली की फाटलेल्या कातडीवर रोज आंबट, मीठ आणि घासणं म्हणजे जखम भरूच द्यायची नाही असं ठरवण्यासारखं आहे. उजवा हात डाव्याच्या मानाने बिघडतच का गेला, तेही त्यातून कळलं.

काचेच्या भांड्यात तूप धुवावं, असं मी सुचवलं. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. परात तांब्याचीच राहिली. पण घासायची मी, रबरी हातमोजे घालून. तूपही मीच फेसायचं, कारण तेवढं सगळं पाणीही त्यांच्या हाताला नको होतं. त्या शेजारी स्टुलावर बसायच्या, माळ घेऊन. माझं पहिलं तूप निम्मं ओट्यावर आणि निम्मं माझ्या साडीवर गेलं. वन्सं माळ ओढत म्हणाल्या, "ओट्याला इसब झाला नव्हता गं." चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं. शेवटी शेवटी ते हाताखाली हलकं व्हायला लागतं, पाणी आपोआप सुटतं आणि परातीत ढगासारखा पांढरा गोळा उरतो. तो क्षण मला फार आवडतो. दुपारच्या झोपेची आता आठवणही येत नाही.

हात हळूहळू भरून आला. डॉक्टरांचं मलम थोडे दिवस पुन्हा लावलं, ते थांबल्यावर नुसतं तूप. आतली मंजिष्ठा चालूच होती. त्यामुळे गुण नक्की कशाचा, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणेल चिंच थांबल्याचा, वैद्य म्हणतील रक्त शुद्ध झाल्याचा. माझा पंधरा दिवसांचा नियम कुणी पाळलाच नाही, तर मी काय सांगणार? एवढं खरं की तूप लावल्यावर वन्सं शांत झोपायच्या, आणि चिंच थांबल्यावर नवी भेग पडली नाही.

म्हणून थोरले, तू आधी तिथल्या डॉक्टरांना कोपर दाखव. ते देतील ते लाव. त्यांना विचारून मग हे तूप, कोरड्या झालेल्या कातडीवर, आंघोळीनंतर लगेच, पातळसं. ओल्या जखमेवर नको. आणि त्या आधी हेही बघ की तो हात दिवसभर कशाला लागतो. लोकरीचा स्वेटर, साबण, काय असेल ते. आपण औषधं मोजतो, बाकीचं मोजत नाही.

हात सुधारला, तरी मोदकांचं वन्संनी काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. गणपतीच्या दोन दिवस आधी सकाळी तुमचे आजोबा बूट घालून दारात उभे राहिले. दुकानात मोदकांची नोंद आजच करायला हवी, नंतर घेत नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं, पण आवाज असा लावला की आतल्या खोलीत ऐकू जावा. वन्सं बाहेर आल्या. खिडकीपाशी गेल्या, दोन्ही हात उजेडात पसरले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. तळव्यावर कातडी गुलाबी आणि नवी होती, जरा तकतकीत. आजोबा बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिले.

"पिठी नवी आहे की गेल्या वर्षीची?" वन्संनी मला विचारलं.

"नवी. लेबल लावलंय."

"मग बूट काढ रे," त्या भावाला म्हणाल्या.

डॉक्टरला मी फोन केला होता. एक दिवस चालेल म्हणाली, पण गरम उकडीत हात घालायचा नाही. म्हणून गणपतीच्या दिवशी पहाटे उकड मी मळली, तेल-पाण्याचा हात लावून, आणि गोळे करून वन्संपुढे ठेवले. त्या पारी करून कळ्या पाडत गेल्या. नव्या कातडीमुळे बोटं अजून जपून चालत होती, त्यामुळे वेळ लागला. मध्ये दोन-चार मोदक मीही केले. त्यातला एक वन्संनी उचलून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि विचारलं, हा बसलाय की झोपलाय.

संध्याकाळी इमारतीतले लोक दर्शनाला आले. समोरच्या बाईही आल्या, कडेवर नातू. तो आता चांगला मोठा झाला होता आणि समईकडे झेप घेत होता. बाईंनी नमस्कार केला. वन्सं मोदकांचं ताट घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. मी आरतीचं तबक हातात धरून तशीच थांबले.

"हे नीट आहेत ते माझ्या हातचे," वन्सं म्हणाल्या. "ते कलंडलेले हिच्या हातचे. पोट ठीक असेल तर घ्या."

बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी हात पुढे केला आणि वन्संच्या बाजूचा मोदक उचलला. नातवाने त्याची कळी ओढली, तेव्हा त्यांनी तिथलाच तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला. तो चघळत राहिला.

"आत्या, चैत्रात माझं चुकलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

वन्संनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी ताट खाली ठेवलं, तुपाचं भांडं उचललं आणि चमचा भरून बाईंच्या हातातल्या मोदकावर धरला.

"हे धुतलेलं नाही," त्या म्हणाल्या. "खायचं आहे. सोडू का?"